२०२० मध्ये टीबीचे रुग्ण खरंच कमी झाले होते का?

शुभांगी_एमएसडब्ल्यू: प्रकल्पासाठी आकडे बघतेय. भारतात २०१९ मध्ये टीबीच्या सुमारे २४ लाख रुग्णांची नोंद झाली, २०२० मध्ये जेमतेम १८ लाख. २०२२ मध्ये पुन्हा २४ लाखांवर. मैत्रीण म्हणते, सगळे मास्क लावून घरात बसले म्हणून रोग पसरला नाही. पटत नाहीये, पण खोडताही येत नाहीये. त्या काळात या कामात कुणी होतं का इथे?

लालकाडी: मी होतो. तालुक्याच्या रुग्णालयात लॅब टेक्निशियन. थुंकी तपासण्यात बावीस वर्षं गेली. (टीबीचा जंतू निळ्या स्लाइडवर लाल काडीसारखा दिसतो, नाव त्यावरून घेतलंय.)

लॉकडाऊनआधी टेबलावर रोज पंधरा-वीस डब्या असायच्या. एप्रिलात कधी दोन, कधी एकही नाही. मला स्वॅब घ्यायला बसवलं. थुंकीतला टीबी तपासायला आलेलं ट्रूनॅट मशीन कोविडला जुंपलं. हे गोव्यात बनतं, बरं का. ऑगस्टमध्ये केंद्राची सूचना आली, टीबी आणि कोविड दोन्ही एकत्र तपासा. कागदावर ठीक होतं.

पण मशीन परत मिळालं असतं तरी घालायला थुंकी कुठे होती? लोक खोकला गिळत होते. आमच्याकडचे एक गिरणीवाले काका जूनपासून खोकत होते. कुणी विचारलं की म्हणायचे, "पीठ जातं घशात." खरी भीती वेगळीच. खोकला कळला तर नेऊन क्वारंटाइन करतील, गल्लीला पत्रे ठोकतील, गिरणी बंद. नोव्हेंबरात मुलाने मोटरसायकलवर आणलं तेव्हा वजन ४१ किलो. स्लाइड थ्री प्लस, म्हणजे मायक्रोस्कोपमध्ये एका वेळी दिसतो तेवढ्या भागात दहाच्या वर काड्या. मला मोजावंच लागलं नाही. पुढे घरच्यांची तपासणी केली, तर चार वर्षांच्या नातीच्या मानेला टीबीची गाठ. जूनमध्ये आले असते तर पोरीला प्रतिबंधाच्या गोळ्यांवर भागलं असतं.

काका २०२० च्या आकड्यात निदान आले तरी. त्यांच्यासारखे किती आलेच नाहीत?

वऱ्हाडी_पोर: पण मास्कचा थोडा फायदा झालाच असेल ना?

लालकाडी: बाहेर झालाही असेल. घरात मास्क कोण लावत होतं? दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं दिवसभर कोंडलेली, त्यातला एक खोकतोय. शिवाय टीबी म्हणजे फ्लू नव्हे. आज लागण झाली तर आजार महिन्यांनी, कधी वर्षांनी वर येतो. त्यामुळे एप्रिलात लोक घरी बसले म्हणून मे महिन्यात रुग्ण घटणार नाहीत. मे महिन्यात घटली ती तपासणी.

आशाताईंनी मात्र जुन्या रुग्णांच्या गोळ्या घरोघर पोचवल्या, अंगावर रेनकोट घालून. हेही लिहा प्रकल्पात.

शुभांगी_एमएसडब्ल्यू: लिहिते, दादा. जगभरातही तेच दिसतंय: २०१९ ची नोंद ७१ लाख, २०२० ची ५८ लाख, आणि मृत्यू मात्र वाढलेले. दशकभरात पहिल्यांदा. रोग कमी झाला असता तर मृत्यू कसे वाढले, हेच विचारते आता मैत्रिणीला.

वऱ्हाडी_पोर: विषय निघालाच आहे तर, बाबांना तीन आठवड्यांपासून खोकला आहे. ते म्हणतात थंडीचा आहे.

लालकाडी: दोन आठवड्यांच्या वर गेला की थुंकी द्यायची, सरकारी दवाखान्यात फुकट होतं. एक नमुना तिथेच, दुसरा पहाटे उठल्यावर. साध्या पाण्याने चूळ भरा, मोकळ्या हवेत उभे राहा, खोल खोकून बेडका काढा. नुसती लाळ नको. आणि झाकण घट्ट लावा, गळकी डबी आम्ही घेत नाही.