अनुभव धागा: 'शेजारच्या घरातला' खून पाहताना तुमच्या घरात काय बोललं गेलं?

'अमेरिकन मर्डर: द फॅमिली नेक्स्ट डोअर' हा माहितीपट नेटफ्लिक्सवर 2020 साली आला. शिवाजी पार्कात सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या गटात तो आत्ता कुठे पोचला आणि त्यावर इतकं बोलणं झालं, की हा धागा काढतेय. परीक्षण नको. पाहताना घरात कोण काय म्हणालं, तुम्हाला काय आठवलं, कशाने झोप उडाली, ते लिहा. नावं नकोत, ओळख पटेल असे तपशील नकोत. नावाऐवजी नुसता राहता भाग लिहिलात तरी पुरे.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातलं फ्रेडरिक गाव. 13 ऑगस्ट 2018 च्या पहाटे शॅनॅन वॉट्स कामाच्या दौऱ्यावरून घरी येते. सहकारी मैत्रीण तिला दारात सोडते. शॅनॅन पंधरा आठवड्यांची गरोदर. दुपारपर्यंत ती आणि तिच्या मुली, चार वर्षांची बेला आणि तीन वर्षांची सेलेस्ट, बेपत्ता. नवरा क्रिस टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर उभा राहून त्यांना परत या म्हणतो. दोनच दिवसांत त्याला अटक होते. तिघींना त्यानेच मारलेलं असतं. नोव्हेंबरात तो गुन्हा कबूल करतो, जन्मठेप होते, पॅरोल नाही. माहितीपटात निवेदक नाही. पोलिसांच्या अंगावरच्या कॅमेऱ्यातलं चित्रण, तिचे फेसबुकवरचे व्हिडिओ, मेसेज, यांवरच सगळं उभं आहे.

माझ्या डोक्यातून जात नाही ती शॅनॅनची मैत्रीण. शॅनॅन फोन उचलत नाही, डॉक्टरकडेही गेलेली नाही, एवढ्यावर ती त्याच दिवशी तिच्या घरी जाते आणि पोलिसांना बोलावते. 'असेल कुठेतरी' म्हणून सोडून देत नाही. खुन्याच्या चेहऱ्यावर लोक तासन्‌तास बोलतात. मला या बाईबद्दल बोलायचंय.

चेंबूर

आम्ही चौघं बघत होतो. मी, हे, सासूबाई आणि अकरावीतली लेक. शॅनॅन व्हिडिओत नवऱ्याला काहीबाही सांगत असते, तर अर्ध्या तासात सासूबाई म्हणाल्या, "किती बोलते ही. तो बिचारा गप्पच." हे पण म्हणाले, "सतत मोबाईल धरलेला, कुणाचंही डोकं फिरेल." तोवर तिचा खून झालाय हे सगळ्यांना माहीत होतं. लेक उठून उभी राहिली. म्हणाली, "बाबा, तिने बोलायचं कमी केलं असतं तर मुली वाचल्या असत्या का?" कुणी काही बोललं नाही. शेवटपर्यंत बघितलं मात्र सगळ्यांनी.

नंतर वाचलं, की तिकडेही हेच झालं. ती मेल्यावर लोकांनी इंटरनेटवर तिलाच दोष दिला, तिच्या आईवडिलांना नको नको ते मेसेज पाठवले. म्हणजे आमचा हॉल आणि अमेरिका यात फार फरक नाही. सासूबाईंवर माझा राग नाही. 'बाईने आवाज चढवू नये' हे त्या पन्नास वर्षं ऐकत आल्यात. पण लेकीने ते त्या घरात बोलून दाखवलं, याचा मला फार आनंद आहे.

लालबाग

मला त्यातला शेजारी आठवतो. पोलिसांना तो आपल्या कॅमेऱ्यातलं चित्रण दाखवतो, क्रिस तिथेच चुळबुळत उभा. क्रिस बाहेर पडल्याबरोबर शेजारी पोलिसांना सांगतो, हा माणूस नेहमीसारखा वागत नाहीये.

मी चाळीत वाढलो. दहा बाय बाराची खोली, मधे लाकडी पार्टिशन. कोणाच्या घरात कोण कोणाला मारतंय हे अख्ख्या मजल्याला कळायचं आणि अख्खा मजला म्हणायचा, नवराबायकोचं आहे, आपण मधे पडू नये. अपवाद एक काकू. पलीकडे आवाज चढला की त्या जाऊन कडी वाजवायच्या. "जरा विरजण आहे का हो?" रात्री अकरा वाजता विरजण! दार उघडावंच लागायचं. मग त्या आत डोकावून म्हणायच्या, "अगं, चल जरा नळावर, माझी कळशी उचलून दे." आणि त्या बाईला घेऊन जायच्या. नवऱ्याशी एक शब्द नाही. पुढे 2008 साली टीव्हीवर 'बेल बजाओ' ही जाहिरात आली, शेजारच्या घरात मारहाण ऐकू आली की बेल वाजवा, असं सांगणारी. मला वाटलं, ही तर आमच्या काकूंचीच रीत.

आता चाळीच्या जागी टॉवर आहे. सेफ्टी डोअर, इंटरकॉम, खाली वॉचमन. कुणाचं काही ऐकू येत नाही. बायांना मार बसायचा थांबला असेल, असं मला वाटत नाही.

सांताक्रूझ, निवृत्त नर्स

ती गरोदर होती हे ऐकल्यावर मला पुढचं बघवेना. पालिकेच्या रुग्णालयात माझी नोकरी झाली. जळीत वॉर्डात काढलेली वर्षं मी कुणाला सांगत नाही, इथे सांगते. "स्टोव्हचा भडका उडाला." सगळ्यांचं एकच वाक्य. कॉटशेजारी सासू उभी, पायाशी नवरा, आणि बाई डोळे मिटून तेच सांगणार. आम्ही ड्रेसिंगच्या निमित्ताने नातेवाइकांना बाहेर काढायचो, मग कधीकधी खरं बाहेर यायचं. मृत्यूपूर्व जबाब घ्यायला मॅजिस्ट्रेट येईपर्यंत ती शुद्धीवर राहू दे, एवढीच आमची धडपड असायची.

प्रसूती विभागात वेगळीच तऱ्हा. पोटावर लाथ बसलेली बाई 'बाथरूममध्ये पडले' म्हणते. पडलेल्या माणसाच्या कोपराला, गुडघ्याला लागतं. दंडावर बोटांचे वळ उठत नाहीत. 2000 साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र सुरू झालं. तेव्हापासून निदान इतकं झालं, की अशा बाईला त्याच इमारतीत समुपदेशकाकडे पाठवता यायला लागलं. केसपेपरवर 'पडल्याने इजा' एवढंच लिहून मोकळं व्हायचं नाही, हे आम्हाला शिकवलं गेलं. नव्या मुलींना माझं सांगणं: तिला एकटीला विचारा. आणि पहिल्या वेळी ती खोटं बोलली तर दुसऱ्यांदा विचारा.

भाग लिहीत नाही

माझ्या मोठ्या बहिणीला तिच्या नवऱ्याने मारलं. बरीच वर्षं झाली. मी हा माहितीपट बघितला नाही, बघणारही नाही. ऑफिसात जेवताना डबे उघडून त्यावर बोलणं चाललं होतं, "बॉडी कुठे लपवली माहितीये का?" मी उठून गेलो.

लोकांना दिसत नाही ते नंतरचं. सेशन्स कोर्टाच्या तारखा. बहिणीचे कपडे मुद्देमाल म्हणून पाकिटात सीलबंद, आणि ते ओळखायला आईला पिंजऱ्यात उभं केलेलं. उलटतपासणीत विचारतात, तुमची मुलगी तापट होती का? आई म्हणाली, "हो, होती." खरं बोलायची शपथ घेतली होती ना तिने.

वर धागाकर्तीने त्या अमेरिकन केसचं लिहिलंय म्हणून थोडं वाचलं. मुलीच्या आईवडिलांनी फाशी मागितली नाही. तिच्या आईचं म्हणणं होतं, की जीव घेणं त्याने निवडलं, मला ते निवडायचं नाही. मी हे आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मला मात्र फाशीच हवी होती. मलाही. आम्ही दोघं त्यावर कितीतरी वेळ बोलत बसलो. बहिणीबद्दल इतकं आम्ही फार दिवसांनी बोललो.

अंधेरी, पीजी

मी क्राइमच्या गोष्टी लावून झोपायचे. यानंतर ते बंद झालं. आम्ही तिघी रूममेटनी ठरवलंय: कुणी दोन फोन उचलले नाहीत तर तिसरा करत बसायचं नाही, सरळ जायचं.

नालासोपारा

आमच्याकडे हे बघून सगळे एकच बोलले, ते वसईच्या मुलीबद्दल. तिने नोव्हेंबर 2020 मध्ये तुळिंज पोलिसांना लेखी दिलं होतं, की सोबत राहणारा मुलगा मारतो, तुकडे करीन अशी धमकी देतो. पुढे तिनेच तक्रार मागे घेतली आणि 2022 मध्ये दिल्लीत तिचा खून झाला. ट्रेनमध्ये लेडीज डब्यात बायका अजून म्हणतात, "घरच्यांचं ऐकलं नाही म्हणून असं झालं." शॅनॅनचं लग्न तर रीतसर झालं होतं. माझा प्रश्न आहे: बाई तक्रार मागे घेते तेव्हा बाकीच्यांनी काय करायचं? मी शेजारीण असते तर काय केलं असतं?

धागाकर्ती

नालासोपाऱ्याच्या प्रश्नावर आमच्या गटातल्या एक जणी लिहितायत. दादरच्या एका संघटनेत त्या समुपदेशक आहेत.

दादर, समुपदेशक

बाई तक्रार मागे घेते कारण रात्री तिला त्याच घरात झोपायचं असतं. तिच्यावर चिडू नका, चिडलात की ती तुम्हालाही सांगणं बंद करते. आम्ही दोन गोष्टी आवर्जून विचारतो. त्याने कधी गळा दाबलाय का? आणि तू सोडून जाणार हे त्याला कळलंय का? गळा दाबून सोडून दिलेल्या बाईच्या जिवाला पुढे फार मोठा धोका असतो, आणि निघून जायच्या सुमाराला तो आणखी वाढतो. म्हणून 'सोड त्याला आणि ये' असं घाईने सांगू नका. आधार कार्ड, बँकेचं पासबुक, मुलांचे दाखले, औषधं आणि थोडे पैसे तुमच्याकडे ठेवायला सांगा. कुठे जायचं ते आधी ठरवा, मग निघू दे.

शेजाऱ्याला कायद्याने जागा आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे या कायद्यासाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याला, कळवू शकतं. प्रामाणिकपणे दिलेल्या माहितीबद्दल तुमच्यावर काही जबाबदारी येत नाही. बाईला एफआयआर नको असेल तरी या कायद्याखाली मॅजिस्ट्रेटकडून संरक्षणाचा आणि घरात राहण्याचा आदेश मागता येतो. लग्न झालेलं नसेल, पण दोघं लग्नासारखे एकत्र राहत असतील, तरीही. मुंबईत पोलिसांबरोबर काम करणारा महिला व बालकांसाठीचा विशेष कक्ष 1984 पासून आहे, तिथे गुन्हा न नोंदवताही बोलता येतं. मारहाण चालू असेल तर पोलिसांचा 112, एरवी महिला हेल्पलाइनचा 181. आणि फोन करताना तुमचं नाव तिच्या सासरी कळता कामा नये, हे पहिल्याच वाक्यात सांगा.