मदत हवी आहे: बाबांना पार्किन्सन्स, आता ऐकूही येत नाही, मशीन घालत नाहीत

कृष्णाकाठ
लवकर सांगा प्लीज. कानाच्या डॉक्टरांनी टेस्ट करून मशीन घ्या सांगितलं, चांगलं महागातलं घेतलं आणि ते कपाटात पडून आहे. हाक मारली की नुसते बघत राहतात, उत्तर नाही, आई ओरडून ओरडून दमते मग ते चिडतात की ओरडू नकोस मी बहिरा नाही. पार्किन्सन्सवाल्यांना कुठलं मशीन चालतं? कंपनी सांगा, भाऊ रविवारी पुण्याला जातोय, घेऊन येईल.

चाफेकळी
वय काय? दोन्ही कान का एकच? मशीन कानामागचं आहे की कानाच्या आत बसणारं? आणि का घालत नाहीत ते विचारलंत का? एवढं कळल्याशिवाय कंपनी काय सांगणार.

कृष्णाकाठ
वय ७४. रिपोर्ट भावाकडे आहे. मशीन आत बसणारं, एकदम बारीक, बाहेरून दिसत नाही म्हणून तेच घेतलं. पार्किन्सन्सची सिन्डोपा गोळी चालू आहे बरीच वर्षं. मला फक्त कंपनी हवी होती.

सोनटक्का
माझ्या यजमानांनाही पार्किन्सन्स आहे म्हणून सांगते, सगळं कानावर ढकलू नका. या आजारात चेहऱ्याचे स्नायू ताठरतात, माणसाला ऐकू आलं तरी चेहऱ्यावर काही उमटत नाही, आणि उत्तर जुळवून तोंडातून बाहेर यायला वेळ लागतो. आपण तेवढ्यात दुसऱ्यांदा तोच प्रश्न जोरात विचारतो की त्यांचं पहिलं उत्तर तिथेच तुटतं. हे एकदा चिडून म्हणाले, "अगं बोलतोय मी, थांब की." तेव्हापासून मी समोर बसते, टीव्ही बंद करते, एकच प्रश्न विचारते आणि मनात दहापर्यंत मोजते. बहुतेक वेळा आठ-नऊला उत्तर येतं.

रानवारा
लसूण घालून कोमट केलेलं तिळाचं तेल दोन थेंब रोज रात्री. आमच्या आत्याचे कान मोकळे झाले.

चाफेकळी
रानवारा, कृपा करून असं सांगत जाऊ नका. पडद्याला भोक असेल तर? आत्याचा मळ सुटला असेल, इथे कानाच्या नसेचा प्रश्न असेल, तो वेगळा.

रानवारा
पिढ्यान् पिढ्या घालतायत लोक. आणि पार्किन्सन्सला खाजकुइलीचं चूर्ण पण देतात, गुगल करा.

सोनटक्का
खाजकुइलीत लेव्होडोपाच असतो हो, सिन्डोपात आहे तोच. वरून अंदाजाने चमचा चमचा दिलं तर डोस जास्त होणार, मग हातपाय वेडेवाकडे हलायला लागतात. न्यूरोलॉजिस्टला (मेंदूच्या डॉक्टरांना) विचारल्याशिवाय नाही म्हणजे नाही.

कानोसा
मी ऑडिओलॉजिस्ट आहे, ऐकण्याच्या तपासण्या करणं हेच माझं काम. पार्किन्सन्समध्ये ऐकू कमी येण्याचं प्रमाण त्याच वयाच्या इतरांपेक्षा जास्त दिसतं, या आजारात मेंदूत डोपामिन नावाचं रसायन कमी पडतं आणि आतल्या कानातही त्याचं काम असतं, त्यामुळे खरोखर कमी ऐकू येत असेल हे धरूनच चाला. पण टेस्टमध्ये आवाज आला की बटण दाबायचं असतं. सिन्डोपाचा असर उतरलेला असताना नेलं तर हात उशिरा हलतो, तपासणाऱ्याला वाटतं ऐकूच आलं नाही, आणि रिपोर्ट आहे त्यापेक्षा वाईट निघतो. गोळी लागू झाल्यावरची वेळ घ्या, आधी मळ बघून घ्या, आणि शब्द ओळखण्याची चाचणी पण करा म्हणावं.

मशीनबद्दल: त्या बारीक मशीनला बहुतेक १० नंबरचा नाहीतर ३१२ नंबरचा सेल लागतो, शर्टाच्या बटणाएवढाही नसतो. त्यावरची पट्टी नखाने सोलायची, एखादं मिनिट हवा लागू द्यायची, मग इवल्याशा दारात बसवायचा. थरथरत्या हाताने हे करून बघा. सेल खाटेखाली जातो, माणूस अपमान झाल्यासारखा गप्प होतो आणि मशीन कपाटात जातं. कानामागचं, चार्जिंगचं घ्या, डब्यात ठेवलं की झालं. कंपनी हा शेवटचा प्रश्न आहे.

पारिजात_पुणे
हात थरथरतात तर जेवायला जड दांड्याचे चमचे मिळतात, आम्ही घेतले, आमटी सांडत नाही.

मोडीलिपी
२०१६च्या दिव्यांग कायद्यात पार्किन्सन्स आहे, त्याचं प्रमाणपत्र काढा. ऐकण्याचं वेगळं, त्यात 'कमी ऐकू येणे' धरायला दोन्ही कानांत निदान ६० डेसिबल लागतं.

चाफेकळी
कृष्णाकाठ, सिन्डोपाशिवाय आणखी कुठल्या गोळ्या?

कृष्णाकाठ
बीपीची, पोट साफ व्हायची. आणि कानात शिट्टी वाजते, चक्कर येते म्हणायचे म्हणून कानाच्या डॉक्टरांनी स्टुजेरॉन दिली होती, ती दिवाळीपासून चालूच आहे. त्याचा काय संबंध?

सोनटक्का
अहो संबंध आहे!! स्टुजेरॉन म्हणजे सिनॅरिझिन, ते डोपामिन अडवतं. पार्किन्सन्सवाल्यांना ती नको सांगतात, ताठरपणा वाढतो, मंदपणा वाढतो. दिवाळीनंतर चालणं, बोलणं जास्त हळू झालंय का बघा आठवून.

कृष्णाकाठ
झालंय. आम्हाला वाटलं आजारच वाढला. कानाच्या डॉक्टरांनी बाकीच्या गोळ्या विचारल्याच नव्हत्या. आता बंद करू का लगेच?

कानोसा
आजच न्यूरोलॉजिस्टला फोन करून विचारा, सगळ्या गोळ्यांची पाकिटं समोर घेऊन वाचून दाखवा. सिन्डोपाला मात्र मनाने हात लावू नका. आणि चक्कर उठून उभं राहिल्यावरच येते का? या आजारात उभं राहताना बीपी पडतं. झोपून एकदा आणि उभं राहून दोन-तीन मिनिटांनी एकदा मोजा, धरायला कोणीतरी शेजारी हवं.

रानवारा
बीपीसाठी लसूण तरी चालेल ना पोटात?

कृष्णाकाठ
न्यूरोच्या असिस्टंटशी बोलले. स्टुजेरॉन आज रात्रीपासून देऊ नका म्हणाले, बुधवारी घेऊन या. बीपी आडवं १४०, उभं ११०, हे पण सांगितलं. आईला दहापर्यंत मोजायला सांगितलंय, ती म्हणते माझ्याने धीर धरवत नाही. मशीनचं काय करू, दुकानदार परत घेईल का? ऐकण्याची टेस्ट लगेच करू का थांबू?

कानोसा
टेस्टला थांबा, ती गोळी अंगातून जाऊ दे, न्यूरोला विचारून तारीख घ्या. मशीनचं बिल शोधा, त्यावर ट्रायलची मुदत लिहिलेली असते. आणि भावाकडून तो रिपोर्ट मागवा, फोटो काढून डाव्या-उजव्या कानाचे आकडे इथे टाका, नाव झाकून.