विधवा प्रथाबंदी आणि घरातले वडीलधारे

प्रश्न: कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनानेही इतर ग्रामपंचायतींना तसे आवाहन केले. माझ्या वडिलांना जाऊन वर्ष झाले. आईने हळदीकुंकवाला जावे असे मला मनापासून वाटते, पण आजी म्हणते, रीत मोडू नये. तिला न दुखावता हे कसे साधावे?

उत्तर १: कायदा पुढे जातो आणि समाज मागे रेंगाळतो. विधवाविवाहाला १८५६ मध्येच कायद्याची मान्यता मिळाली होती, तरीही १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी विवाह केला, तेव्हा मुरुडच्या ग्रामस्थांनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला. आईची इच्छा मात्र आधी विचारा.

उत्तर २: आजींना प्रतिगामी ठरवू नका. माझे काका गेले, तेव्हा काकूच्या बांगड्या फोडायला सरसावलेल्या बायकांना माझ्या सोवळ्या आजीनेच, तिचे हात स्वतःच्या पदराखाली घेऊन, थांबवले होते.

प्रश्नकर्ती: माझी आजीही चाळीस वर्षे बिनकुंकवाची आहे. उद्या करंडा आधी तिच्यापुढेच धरते.