मदत हवी आहे : ज्येष्ठांचा लठ्ठपणा आणि आर्थिक स्थिती कशी मोजावी?

नमस्कार. अंबाजोगाई तालुक्यातील तीन गावांत साठीपुढील व्यक्तींचा लठ्ठपणा आणि त्यांची सामाजिक-आर्थिक स्थिती यांचा संबंध तपासणारा लघुप्रबंध मी लिहीत आहे. घरोघरी फिरताना दोन अडचणी आल्या.

पहिली आणि मोठी अडचण आर्थिक स्थितीची. सातबारा मुलाच्या नावावर झालेला, स्वतःची कमाई म्हणजे श्रावणबाळ योजनेचे पैसे, अशा आजींच्या उत्पन्नाच्या रकान्यात काय लिहावे? त्यांचे घर मात्र पक्के असते, दारात ट्रॅक्टर असतो, आणि शेतातले काम सुटून दहा वर्षे झालेली असतात. उलट शेजारची त्याच वयाची आजी अजून खुरपणीला जाते आणि अंगाने काटक आहे. २०१७-१८ च्या ‘लासी’ या देशव्यापी ज्येष्ठ-सर्वेक्षणात कुटुंबाचा दरडोई मासिक खर्च आधारास घेतला आहे. पण घरची ज्वारी खाणाऱ्या कुटुंबाला खर्च विचारला की तेल, साखर आणि औषधे एवढेच आठवते. त्याऐवजी जमीन, घर आणि पूर्वीचे काम यांवरून गट पाडले तर चालतील का?

दुसरी अडचण, पाठीत वाकलेल्यांची उंची कमी भरते आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) फुगतो. अशांसाठी केवळ कंबरेचा घेर (मर्यादा : पुरुष ९० सेंमी, स्त्रिया ८० सेंमी) ग्राह्य धरावा की पसरलेल्या हातांच्या लांबीवरून उंची काढावी?

ग्रामीण भागात असे काम केलेल्यांनी आपली प्रश्नावली दाखवल्यास फार उपकार होतील.