थिसिससाठी ट्रान्स महिलांना एमएसएमच्या गटात धरायचं का?

पुण्याची_विद्यार्थिनी
नमस्कार मंडळी, मी पब्लिक हेल्थमध्ये मास्टर्स करतेय आणि डिझर्टेशनचा विषय आहे एचआयव्ही टेस्टिंग आणि प्रेप, म्हणजे संसर्ग होऊ नये म्हणून आधीच घ्यायची गोळी, याची माहिती कुणापर्यंत किती पोचलीय. मी एमएसएम (म्हणजे पुरुषांशी लैंगिक संबंध ठेवणारे पुरुष) आणि तृतीयपंथी (यात ट्रान्स महिला येतात) असे दोन वेगळे गट धरले होते. गाईड सर म्हणतात तृतीयपंथी फार थोड्या मिळतील, सँपल लहान पडेल, काहीच सिद्ध होणार नाही, त्यापेक्षा त्यांना एमएसएममध्येच घे, जोखीम तर सारखीच असते. मला हे अजिबात पटत नाहीये पण सरांसमोर ठेवायला ठोस काही नाही. फॉर्ममध्ये पण लिंग पुरुष/स्त्री/इतर एवढंच आहे. आणि लोकांपर्यंत जायचं कसं? सिग्नलवर कुणाला थांबवून असले प्रश्न विचारणं मला बरोबर वाटत नाही.

औषधशास्त्र_डॉक
सरांना प्रेपच्या गोळीच्या आयप्रेक्स ट्रायलचं काय झालं ते दाखवा. 2010 ला निकाल आला, पेरू, इक्वेडोर, ब्राझील, अमेरिका, दक्षिण आफ्रिका, थायलंड मिळून 2,499 लोक, गोळीच्या गटात संसर्ग 44 टक्क्यांनी कमी. प्रेपचा पाया म्हणून आजही हाच अभ्यास सांगतात. त्यात ट्रान्स महिला किती, तर सुरुवातीला 29 म्हणून सांगितलं गेलं. नंतर त्याच डेटात स्वतःला ट्रान्स किंवा स्त्री म्हणणाऱ्या आणि पुरुष म्हणून नोंदलेल्या पण स्त्री-हॉर्मोन घेणाऱ्या अशा सगळ्या शोधल्या तर त्या निघाल्या 339! हे विश्लेषण छापून आलं 2015 ला. मधली पाच वर्षं त्या पुरुषांच्या बेरजेत पडून होत्या.

आता खरी गोष्ट ऐका. या 339 जणींमध्ये गोळीच्या गटात 11 संसर्ग आणि नुसत्या दिखाऊ गोळीच्या गटात 10. म्हणजे फायदा शून्य. 44 टक्के हा आकडा त्यांच्यासाठी नव्हताच. कारण शोधलं तर त्या 11 पैकी एकीच्याही रक्तात संसर्गाच्या वेळी औषध नव्हतं, म्हणजे गोळी पोटात जातच नव्हती, आणि ज्या हॉर्मोन घेत होत्या त्यांच्यात तर औषध सापडायचं प्रमाण आणखी कमी होतं. का घेत नव्हत्या हा प्रश्न वेगळा मोजल्याशिवाय कुणाला पडणारच नव्हता. एकत्र बेरीज करून जोखीम सारखी दिसेल हो, पण उपाय पोचतोय की नाही ते दिसत नाही, आणि तुमचा विषय तर नेमका तोच आहे.

सँपल लहान पडतं कारण आधी ठरवलेलं नसतं. प्रेपच्याच डिस्कव्हर ट्रायलमध्ये 5,387 लोकांत ट्रान्स महिला फक्त 74 होत्या. दर दोन महिन्यांनी घ्यायच्या कॅबोटेग्राविर या प्रेपच्या इंजेक्शनच्या ट्रायलमध्ये (एचपीटीएन 083) किमान 10 टक्के घ्यायच्याच असं सुरुवातीलाच ठरलं होतं, तिथे 4,566 पैकी 570 आल्या. लोक तेच, शोधणारे बदलले.

आयसीटीसी_काउन्सेलर
डॉक्टरांनी सांगितलं त्यात भर घालते. आपल्याकडेसुद्धा बरीच वर्षं तृतीयपंथींचं काम एमएसएमच्याच टीआय प्रोजेक्टमध्ये (जास्त जोखमीच्या गटांसाठीचं सरकारी प्रतिबंधाचं काम) धरलं जायचं. वेगळं मोजल्यावर 2014-15 च्या राष्ट्रीय सर्व्हेत त्यांच्यात एचआयव्हीचं प्रमाण 7.5 टक्के आलं, 2021 च्या सेंटिनल सर्व्हेलन्समध्ये (ठरलेल्या केंद्रांवर नेमाने होणारी पाहणी) 3.78. दोन्हीच्या पद्धती वेगळ्या आहेत म्हणून निम्म्यावर आलं असं लिहू नका, पण देशातल्या एकूण प्रौढांमध्ये ते 0.2 टक्क्यांच्या आसपास आहे हे शेजारी ठेवा, सर गप्प होतील.

फॉर्ममध्ये एका प्रश्नाचे दोन करा. जन्माच्या वेळी काय नोंदवलं होतं, आणि आज तुम्ही स्वतःला काय मानता. ‘इतर’ काढून टाका, इतर म्हणजे कोण ते शेवटी कुणालाच कळत नाही. आणि ज्या सेंटरवर जाल तिथे रांगेत आधार कार्डावरचं नाव मोठ्याने पुकारतात का ते बघा. साडी नेसून आलेल्या बाईला पुरुषाच्या नावाने हाक मारली की ती रिपोर्ट न घेताच जाते, मी हे डोळ्यांनी बघितलंय आणि अजून संताप होतो.

जोगती_मिरज
ताई मी पीअर एज्युकेटर आहे, म्हणजे आमच्याच लोकांना माहिती देणारी, आमच्या बाजूचं सांगते. पहिलं म्हणजे डेऱ्यावर, म्हणजे आम्ही राहतो तिथे, थेट येऊ नका, आधी गुरूंना भेटा, गुरू हो म्हणाल्या की चेले मोकळेपणी बोलतात. मंगळवार शुक्रवार आमच्याकडे जोगव्याचे, त्या दिवशी कोण थांबणार नाही. पुण्यामुंबईत मंगतीची वेळ सकाळची असते तर दुपारनंतर बसा. तासभर बसवणार असाल तर त्या तासाची कमाई बुडते ती भरून द्या, नुसता चहा नको.

आणि प्रश्न तयार करतानाच आमच्यातल्या दोघीतिघींना बसवा, नंतर सही घ्यायला नको. आमच्या पोरी गोळी म्हटलं की पहिलं विचारतात हॉर्मोन उतरेल का, छाती कमी होईल का. हा प्रश्न कुठल्याच फॉर्मात नसतो!! त्या भीतीने किती जणी एआरटी, म्हणजे एचआयव्ही झाल्यावरचं औषध, मधेच सोडतात. वर्षानुवर्षं लोक येतात, रक्त घेतात, फोटो काढतात, पुढं काय निघालं ते सांगायला कोण परत येत नाही. तुम्ही या.

औषधशास्त्र_डॉक
वरच्या प्रश्नाचं उत्तर आहे. थायलंडमध्ये ट्रान्स महिलांवरच लहानसा अभ्यास झाला, प्रेपच्या गोळीने इस्ट्रोजेन कमी होत नाही. उलट हॉर्मोनमुळे प्रेपच्या औषधाची पातळी थोडी उतरते, पण गोळी रोज घेतली तर त्याची काळजी नको. एआरटीत आता सरकारी केंद्रावर बहुतेकांना डोल्युटेग्राविरवाली गोळी मिळते, तिचं पण हॉर्मोनशी वाकडं नाही. हे पोरींना जरूर सांगा, आणि हॉर्मोन मेडिकलमधून आपल्याआपण घेत असाल तर तेही डॉक्टरला सांगा.

ट्रान्समॅन_नाशिक
सगळं वाचलं, चांगलं आहे, पण आम्ही कुठे आहोत? मी ट्रान्स पुरुष आहे, माझे जोडीदार पुरुषही असतात, आणि टेस्टिंगला गेलो की फॉर्म भरणाऱ्याला मला कुठे लिहावं तेच कळत नाही. दर सहा महिन्यांनी घ्यायच्या लेनाकापाविर या प्रेपच्या इंजेक्शनच्या पर्पज 2 ट्रायलमध्ये ट्रान्स पुरुष आणि नॉनबायनरी (स्वतःला ना फक्त पुरुष ना फक्त स्त्री मानणाऱ्या) लोकांनाही घेतलं होतं, म्हणजे ठरवलं तर जमतं. तुमच्या अभ्यासात आम्ही चारच आलो तरी चार असं लिहा, गाळू नका.

पुण्याची_विद्यार्थिनी
खूप खूप आभार सगळ्यांचे. दोन प्रश्नांचा फॉर्म केला, ट्रान्स पुरुषांची ओळ वेगळी ठेवली, हॉर्मोनची भीती हा प्रश्न पण घातला. चार-पाच जणांची टक्केवारी न काढता मुलाखती घेतल्या तर चालेल ना? आणि कन्सेंट फॉर्मवर कुणाला खरं नाव लिहायचं नसेल तर एथिक्स कमिटी अडवेल का?

आयसीटीसी_काउन्सेलर
मुलाखतीच घ्या, चार जणांची टक्केवारी काढून काय मिळणार. सहीचं म्हणाल तर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत सहीमुळेच ओळख फुटायचा धोका असेल तर लेखी संमतीतून सूट मागता येते, ती मात्र प्रपोजलमध्येच कारण देऊन मागा, मागाहून नको. तोंडी संमती, साक्षीदार समाजातलाच, आणि नावाऐवजी कोड. एचआयव्ही स्टेटस विचारणार असाल तर 2017 च्या एचआयव्ही कायद्यात गोपनीयता बंधनकारक आहे, तेव्हा कोडची यादी आणि उत्तरं एकाच लॅपटॉपवर ठेवू नका. मिरजच्या ताईंना मेसेज करा, त्या गुरूंशी बोलणं करून देतील.

जोगती_मिरज
करा मेसेज. फक्त सौंदत्तीच्या यल्लम्माच्या यात्रेच्या दिवसांत नको, तेव्हा आम्ही सगळ्या डोंगरावर असतो.