मदत हवी आहे : ओपनएसएसएच सर्व्हरचा पोर्ट बदलत नाही

नमस्कार. दारव्हा तालुक्यातील आमच्या गावच्या अभ्यासिकेत उबुंटू २४.०४ या लिनक्स प्रणालीचा एक डेस्कटॉप आहे, आणि तो यवतमाळहून सांभाळता यावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. उबुंटू डेस्कटॉपसोबत एसएसएचचा (दुरून संगणकात लॉगिन करण्याची सोय) फक्त क्लायंट, म्हणजे जोडणी करणारा भाग, येतो, म्हणून आज सकाळी येथे येऊन एपीटीने (सॉफ्टवेअर बसवण्याचे साधन) ओपनएसएसएच-सर्व्हर, म्हणजे जोडणी स्वीकारणारा भाग, बसवला व त्याच वायफायवरील लॅपटॉपवरून पोर्ट (जोडणीचा क्रमांक) २२ वर लगेच लॉगिन झाले. नंतर एसएसएचडी_कॉन्फिग या सर्व्हरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये पोर्ट २२२२ लिहिला, एसएसएच सेवा पुन्हा सुरू केली, यूएफडब्ल्यू या फायरवॉलमध्येही तो पोर्ट उघडला. तरी नव्या पोर्टवर ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ एवढेच उत्तर येते आणि २२ चालूच राहतो. मुले शेजारी बसून भरतीचे अर्ज भरत असल्याने रीबूट केलेले नाही.

उबुंटू २२.१० पासून ही सेवा सॉकेटमार्फत सुरू होते, म्हणजे पोर्टवर आधी सॉकेट ऐकतो व जोडणी आली की सेवा सुरू होते. तेव्हा डीमन-रीलोड करून (सेवांची मांडणी पुन्हा वाचायला लावून) एसएसएच.सॉकेट पुन्हा सुरू करणे पुरेसे आहे, की सॉकेट बंद करून सेवा जुन्या पद्धतीने चालवावी? येथे वीज वारंवार जाते, त्यामुळे वीज परतल्यावर कोणी हात न लावता सर्व्हर चालू होणे अत्यावश्यक आहे. पासवर्डऐवजी लॉगिनसाठी ईडी२५५१९ किल्ली तयार आहे, परंतु पोर्टचा प्रश्न सुटेपर्यंत पासवर्डचे लॉगिन बंद करणे मला योग्य वाटत नाही. कृपया अनुभवी सदस्यांनी मार्गदर्शन करावे. मी संध्याकाळच्या एसटीपर्यंत येथेच आहे.