उबंटूवर चालणारा डायल-अप मोडेम कोणता घ्यावा? (२००६ च्या सुमाराची फोरमवरची चर्चा)

देवराई
नमस्कार मंडळी, उबंटू ६.०६ (लिनक्सचा एक प्रकार) ची फुकटची सीडी पोस्टाने मागवली होती ती आली, घरच्या असेंबल्ड मशीनवर टाकली (सेलेरॉन, २५६ एमबी रॅम) आणि खरं सांगतो, आवाज, प्रिंटर, मराठी फाँट सगळं पहिल्या फटक्यात चालू झालं, अडलंय ते फक्त नेट. आमचं गाव देवरुखपासून बरंच आत आहे, ब्रॉडबँड इथवर कधी पोचेल देव जाणे, पण बीएसएनएलची तांब्याची लाइन आहे आणि विंडोज एक्सपीमध्ये असताना डायल-अप (फोन लावून मिळणारं नेट) व्यवस्थित चालायचं. मशीनमध्ये आत पीसीआय स्लॉटमध्ये बसवलेला मोडेम आहे, तो उबंटूला दिसतच नाही. दुकानदार म्हणतो सगळे ५६के (सेकंदाला ५६ किलोबिटवाले) मोडेम सारखेच, लिनक्सचाच प्रॉब्लेम आहे, परत एक्सपी टाकून देतो. मला ते करायचं नाहीये. पुढच्या आठवड्यात पुण्याला जाणार आहे तर तिथून नवीन मोडेम आणीन म्हणतो. इंटर्नल घेऊ की एक्स्टर्नल, सिरियल की यूएसबी, आणि व्ही.९२ (५६के मोडेमचं नवीन स्टँडर्ड) साठी जास्त पैसे द्यावेत का? दोन हजारापर्यंत तयारी आहे.

रानवारा
सगळे ५६के मोडेम सारखे अजिबात नसतात, आणि दोष लिनक्सचाही नाही. मोडेमची मुळात दोन कामं असतात, एक म्हणजे फोनच्या तारेवरचा आवाज नि कॉम्प्युटरचा डेटा यांची अदलाबदल करणं, ते डीएसपी नावाची चिप करते, आणि दुसरं म्हणजे एटी कमांड (मोडेमला द्यायच्या सूचना) समजून घेणं, चुका दुरुस्त करणं, कॉम्प्रेशन, ते कंट्रोलर करतो. जुन्या मोडेममध्ये दोन्ही चिप असायच्याच. मग स्वस्त करण्यासाठी कंपन्यांनी आधी कंट्रोलर काढून टाकला, ल्यूसंटचे एलटी नि कोनेक्संटचे एचसीएफ हे त्यातले, आणि पुढे डीएसपीसुद्धा काढला नि सगळं काम मशीनच्या प्रोसेसरच्या गळ्यात घातलं, पीसीटेल, कोनेक्संट एचएसएफ, स्मार्टलिंक, मोटोरोलाचा एसएम५६ असे. कार्डावर उरतो फोनचा सॉकेट आणि थोडी सर्किटरी, बाकी मोडेम म्हणजे विंडोजचा ड्रायव्हर. त्या ड्रायव्हरचा सोर्स कंपनी कुणाला देत नाही, मग लिनक्सवाल्यांनी करायचं काय? यालाच विनमोडेम म्हणतात.

म्हणून माझं सरळ मत, ज्याच्या पोटात स्वतःचा कंट्रोलर आहे असा एक्स्टर्नल सिरियल मोडेम घ्या. त्याला ड्रायव्हर लागतच नाही, सिरियल पोर्टवर एटी कमांड गेली की तो डायल करतो, उबंटू असो, डेबियन असो नाहीतर दहा वर्षांपूर्वीचं डॉस असो. विंडोजमधलं पहिलं सिरियल पोर्ट कॉम१ म्हणजे लिनक्समध्ये /डेव्ह/टीटीवायएस०, कॉम२ म्हणजे टीटीवायएस१, बास.

घ्यायच्या आधी एक करा, टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय (मशीनमधल्या कार्डांची यादी दाखवणारी कमांड) टाका नि मोडेमची ओळख सांगणारी ओळ इथे लिहा.

शिवारातला
रानवारांचं बरोबर आहे पण लगेच दोन हजार घालवायला लावू नका राव. माझ्याकडे ल्यूसंटचं कार्ड आहे, एलटीमोडेम नावाचा ड्रायव्हर कंपाइल करून (सोर्सवरून आपल्याच मशीनवर तयार करून) मस्त चालतंय. स्मार्टलिंकसाठी पण एसएलमोडेमडी हा ड्रायव्हर आहे, त्यात देश म्हणून इंडिया द्यायची सोय आहे. लिनमोडेम्स.ऑर्ग वर स्कॅनमोडेम नावाची स्क्रिप्ट मिळते, ती चालवली की कुठली चिप आणि कुठला ड्रायव्हर ते सांगते. सायबर कॅफेतून पेनड्राइव्हवर आणा.

रानवारा
ते चालतं हे खरंच, पण चालतं म्हणजे कसं ते पण सांगू या ना. एलटीमोडेममधला महत्त्वाचा भाग कंपनीने बंद स्वरूपातच दिलाय, भोवतीचं वेष्टण तेवढं आपण कंपाइल करतो. कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेट झाला की परत कंपाइल, आणि एखाद्या नवीन कर्नलमध्ये काही बदललं की कुणीतरी पॅच काढेपर्यंत बसून राहायचं. त्यात ज्याच्याकडे नेटच नाही त्याने कर्नलचे हेडर, जीसीसी असं कंपाइल करायला लागणारं सगळं आणायचं कुठून? दर वेळी देवरुखला कॅफेत जायचं का? ज्याचं मशीन गावात आहे नि मदतीला कुणी नाही त्याच्यासाठी हा रस्ता मला पटत नाही.

देवराई
एलएसपीसीआयमध्ये हे आलं, कम्युनिकेशन कंट्रोलर, कोनेक्संट, एचएसएफ ५६के. म्हणजे दुसऱ्या प्रकारातला का? याचा ड्रायव्हर आहे का?

रानवारा
हो, एचएसएफ म्हणजे कार्डावर काहीच नाही, सगळं प्रोसेसरवर. लिनक्संट नावाची कंपनी त्याचा ड्रायव्हर देते, पण फुकट मिळतो तो १४.४ केबीपीएसवर अडवलेला आहे, पूर्ण वेगासाठी लायसन विकत घ्यायचं नि ते डॉलरमध्ये. त्या पैशात थोडी भर घालून खरा मोडेम घेतलेला बरा, तो पुढच्या मशीनलाही लागेल. मेलपुरतं १४.४ वर काही दिवस भागवता येईल हवं तर.

पेठकर
पुण्यात येताय तर तापकीर गल्लीत चक्कर टाका, जुने एक्स्टर्नल मोडेम पण तिथे मिळतात, ज्यांनी ब्रॉडबँड घेतलं ते विकून टाकतायत. मुंबईकडून कुणी येणार असेल तर लॅमिंग्टन रोड.

दुकानात बॉक्स हातात घेऊन मागची बाजू वाचा. सिस्टिम रिक्वायरमेंटमध्ये अमुक मेगाहर्ट्झचा पेंटियम पाहिजे, एमएमएक्स पाहिजे, विंडोज ९८ किंवा एक्सपीच पाहिजे असं लिहिलं असेल तर बॉक्स सरळ खाली ठेवा. मोडेमला पेंटियम कशाला लागतो? सगळं काम त्याच्यावर ढकलायचंय म्हणून. खऱ्या मोडेमच्या बॉक्सवर डॉस किंवा लिनक्स किंवा मॅकचं नाव सापडतं, कंट्रोलर-बेस्ड असं पण लिहिलेलं असतं. सोबत पॉवरचा अडॅप्टर, पुढे दिव्यांची रांग, मागे २५ पिनांचं सॉकेट, असा दिसला की निर्धास्त घ्या.

नुसत्या ब्रँडवर जाऊ नका बरं का. यूएस रोबोटिक्सचा ५६८६ हा एक्स्टर्नल सिरियल उत्तम आहे, पण विनमोडेम हे नाव मुळात त्याच कंपनीने बाजारात आणलं आणि तसली कार्डंही त्यांनी भरपूर विकली. मॉडेल नंबर बघूनच घ्यायचं.

यूएसबीचं काय, तर त्यात दोन्ही जाती आहेत. सीडीसी एसीएम या यूएसबी मोडेमच्या स्टँडर्डचा असेल तर लावल्या लावल्या /डेव्ह/टीटीवायएसीएम० तयार होतं नि चालतो, नाहीतर तोही विनमोडेमच, फक्त डबीत घातलेला. दुकानदाराला हे ठाऊक नसतं. तुमच्या मशीनला मागे ९ पिनांचं सिरियल पोर्ट असेल तर यूएसबीच्या भानगडीत पडूच नका. पोर्ट नसेल तर यूएसबी टू सिरियल कन्व्हर्टर मिळतो, एफटीडीआय किंवा प्रोलिफिक चिपचा, लिनक्सला दोन्ही ओळखीचे आहेत. आणि केबल सरळ मागा, एका टोकाला ९ दुसऱ्याला २५, नल मोडेम केबल म्हणून मिळते ती वेगळी, ती चालणार नाही.

बेसुरी
फ्रीबीएसडी (लिनक्ससारखीच दुसरी फुकट सिस्टिम) वाले पण इथे आहेत म्हणून लिहिते. आमच्याकडे तर विनमोडेमला लिनक्सपेक्षाही कमी आधार आहे, पोर्ट्समध्ये (तिथल्या सॉफ्टवेअरच्या संग्रहात) ल्यूसंटसाठी एलटीएमडीएम हा ड्रायव्हर आहे तेवढंच. एक्स्टर्नल सिरियल लावला की फ्रीबीएसडी ६ मध्ये /डेव्ह/सीयूएडी० वर बसतो आणि पीपीपी (फोनवरून नेट जोडायची पद्धत) त्याच्यावर नीट चालतं. पुढेमागे सिस्टिम बदलावीशी वाटली तरी हा मोडेम फेकावा लागत नाही, त्यामुळे माझंही मत सिरियललाच. व्ही.९२ साठी जास्त पैसे मात्र देऊ नका देवराईदादा, पटकन जोडणं, कॉल आला की होल्डवर ठेवणं, अपलोड थोडा जास्त, हे पलीकडे आयएसपीने (नेट देणाऱ्या कंपनीने) पण दिलं तरच उपयोगाचं. डाउनलोड आधीच्या व्ही.९० मध्येही नि व्ही.९२ मध्येही ५६ चाच.

देवराई
मंडळी मोडेम आणला, जुना पण खणखणीत, यूएस रोबोटिक्सचा नाही, दुसऱ्या कंपनीचा आहे, कोनेक्संटचीच चिप पण कंट्रोलरवाली. लावल्या लावल्या डब्ल्यूव्हीडायलकॉन्फने (मोडेम शोधून डायलिंगची सेटिंग लिहिणारा प्रोग्रॅम) टीटीवायएस० वर ओळखला, फार बरं वाटलं. पण डायल करताना नो डायलटोन म्हणतोय, फोन उचलून ऐकला तर टोन येतोय. काय करू?

रानवारा
आपल्याकडच्या एक्स्चेंजचा डायल टोन मोडेमला ओळखीचा नसतो, तो अमेरिकेतला टोन शोधत बसतो. त्या प्रोग्रॅमने लिहिलेली डब्ल्यूव्हीडायल.कॉन्फ ही फाइल उघडा आणि इनिट२ च्या खाली नवीन ओळ घाला, इनिट३ = एटीएक्स३. म्हणजे टोनची वाट न बघता डायल करेल. त्याच फाइलमध्ये स्टुपिड मोड = १ पण ठेवा, काही सर्व्हरवर लॉगिनचा प्रश्न न विचारता सरळ पीपीपी सुरू होतं तिथे ते लागतं. आणि तुमचं यूजरनेम डायलआउट ग्रुपमध्ये (मोडेम वापरायची परवानगी असलेल्यांत) आहे ना ते बघा, नाहीतर दर वेळी सुडो (अ‍ॅडमिनच्या हक्काने कमांड) करावं लागेल.

देवराई
लागला! हा मेसेज उबंटूतून लिहितोय. कनेक्ट ११५२०० असं दाखवतोय, एवढा स्पीड?

रानवारा
अभिनंदन! पण तो कॉम्प्युटर आणि मोडेममधला वेग आहे, तारेवरचा नाही. इनिटच्या ओळीत डब्ल्यू२ वाढवा, मग खरा आकडा दिसेल. खेड्यातल्या लाइनवर ४० च्या वर मिळाला तर लाइन चांगली समजा, ५६ कुणालाच मिळत नाही. सारखा तुटत असेल तर एटी+एमएस=व्ही३४ देऊन बघा, ३३.६ च्या वर जाणार नाही पण टिकून राहील. त्याआधी घरातला पॅरलल फोन काढून बघा, आणि लाइनमन आला की खांबावरच्या डबीतले जोड घट्ट करून घ्या, पावसाळ्यात तिथेच खरखर सुरू होते.

पेठकर
आणि कोकणात आहात, वळवाचा पाऊस दिसला की फोनची वायर नि अडॅप्टर दोन्ही काढून ठेवा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. वीज फोनच्या तारेतूनही आत येते. इंटर्नल कार्ड असतं तर मदरबोर्डवरच गेलं असतं, एक्स्टर्नलचा हाही एक फायदा. जुनं एचएसएफ कार्ड पण स्लॉटमधून काढून टाका आता, त्याला फोनची वायर राहिली असेल तर आधी ती.